आधी पाणी मोजा, मग होडीचा आराखडा घ्या

गेल्या दिवाळीत माझा भाचा मोबाइलमध्ये तीन होड्यांची ड्रॉइंगं घेऊन बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला. फराळाची ताटली बाजूला सारून त्याने फोन माझ्यापुढे धरला. "मामा, यातली कुठली बांधू?"

पहिली बारा फुटांची, चौकोनी नाकाची, सपाट बुडाची. दुसरी चौदा फुटांची, पुढे टोकदार, बूड सपाटच पण दोन्ही टोकांना केळ्यासारखं वर वळलेलं. तिसरी सोळा फुटांची, व्ही आकाराच्या बुडाची, मागे उभं राहायला मचाण आणि चाळीस हॉर्सपॉवरची मोटर. तिन्हींच्या खाली लिहिलेलं होतं की ही उथळ पाण्यातल्या मासेमारीची होडी आहे. त्याचं मन तिसरीवर बसलं होतं. चित्र खरंच देखणं होतं.

मी विचारलं, "पाणी कुठलं?"

"चांदोद. नर्मदा. जमलं तर ओरसंग मिळते तिथपर्यंत."

"तिथं पाणी किती?"

"उथळ असतं."

"उथळ म्हणजे किती?" त्याने आधी गुडघ्याला हात लावला, मग मांडीला, आणि गप्प झाला.

घरी होडी बांधणारे बहुतेक जण इथेच चुकतात. आराखडा चित्र बघून निवडतात आणि पाण्याचा विचार होडी तयार झाल्यावर करतात. मी आयुष्यभर मकरपुऱ्यात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचे नमुने, बनवले. धातू थंड होताना किती आकसणार हे धरून आम्ही पॅटर्न मुद्दाम मोठा करतो, कारण लाकूड कापल्यावर हिशेब करून उपयोग नसतो. होडीचंही तसंच. आपलं पाणी, आपला भार, आपली बसण्या-उभं राहण्याची सवय हे तीन आकडे हातात असले, तर दहा आराखड्यांतले आठ अर्ध्या तासात आपोआप बाद होतात.

बांबू आणि चिकटपट्टी

संक्रांतीनंतर आम्ही दोघं चांदोदला गेलो. बरोबर दहा फुटांचा बांबू नेला होता. त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल चिकटपट्टीचा वळसा. संगमाला यात्रेकरूंना नेणाऱ्या एका नावाड्याला दोन तासांचे पैसे दिले आणि त्याला सांगितलं, काका, तुम्ही जाळं टाकायला जिथं जाल तिथं न्या.

मुख्य धारेत बांबूला तळ लागला नाही. तिथं कुठलीही होडी चालते. पण ओरसंगच्या बाजूला वाळूची बेटं सुरू झाली तशी पट्ट्या दिसायला लागल्या. चार पट्ट्या, तीन, अडीच. मग काकांची जड लाकडी नाव खसकन वाळूवर बसली. ते काही न बोलता खाली उतरले, खांद्याने नाव ढकलली आणि पुन्हा चढले. मी बांबू रोवला तर पाणी दोन पट्ट्यांच्या जरा खाली, म्हणजे अठरा-एकोणीस सेंटिमीटर. "मासा इथंच असतो," ते म्हणाले.

तेवढ्या एका आकड्यासाठी आम्ही गेलो होतो. भरलेली होडी अठरा सेंटिमीटर पाण्यात तरंगली पाहिजे. तळ वाळूचा आहे, खडकाचा नाही, म्हणजे बूड घासलं तरी फुटणार नाही, पण रंग आणि फायबर झिजेल. सरदार सरोवरातून पाणी सोडलं की पातळी चढते, म्हणून सकाळी उथळ असलेली जागा संध्याकाळी तशीच मिळेल असं नाही. आणि उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो तेव्हा नदीवर आखूड, उभ्या लाटा उठतात. हे सगळं आराखडा निवडताना लागतं.

बडोद्याजवळच्या बाकीच्या पाण्यांविषयी थोडक्यात. आजवा, म्हणजे सयाजीरावांनी बांधलेलं सयाजी सरोवर, हे शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि तिथं मगरी आहेत. तिथं स्वतःची होडी घालण्याचा विचार सोडून द्या. विश्वामित्रीतल्या मगरी तर आपण पुलावरून रोज बघतो. वढवाणा हे पक्ष्यांचं पाणी, २०२१ पासून रामसर या जगभरच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. महीसागर वरच्या अंगाला शांत, पण मुखाकडे खंभातच्या आखाताची भरती आत घुसते. त्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. सपाट बुडाच्या छोट्या होडीने तिकडे जाऊ नये. नर्मदेतही मगरी आहेत, म्हणून पाय बाहेर सोडून बसणं किंवा कडेवर वाकून मासे साफ करणं वर्ज्य. कुठल्याही पाण्यात जाळं टाकण्याआधी तिथला मासेमारीचा इजारा कोणाकडे आहे हे विचारून घ्यायचं.

होडी किती बुडेल

होडी पाण्यात जितकी खाली जाते त्या मापाला ड्राफ्ट म्हणतात. आराखड्यावर तो छापलेला असतो, उदाहरणार्थ 'ड्राफ्ट ४ इंच'. पण हा आकडा कुठल्या भाराला आहे हे पुष्कळदा लिहिलेलं नसतं. एकटा माणूस, मोटर नाही, सामान नाही, असा तो असू शकतो. म्हणून तो आपणच काढायचा. हिशेब आर्किमिडीजचा, शाळेतलाच: होडी स्वतःच्या एकूण वजनाइतकं पाणी बाजूला सारते. एक लिटर गोडं पाणी म्हणजे एक किलो.

पहिल्या, बारा फुटी होडीचं बूड पाण्याला लागतं ते साधारण तीन मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ ३.३ चौरस मीटर. एवढं बूड एक सेंटिमीटर खाली गेलं की ३३ लिटर पाणी बाजूला होतं. म्हणजे दर ३३ किलोला ही होडी एक सेंटिमीटर बुडणार. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागतो.

आता भार. दोन माणसं १५० किलो. होडीचं स्वतःचं वजन ६०. छोटी मोटर आणि पेट्रोल ३०. जाळं, नांगर, वल्ही, पाणी, डबा आणि देवाने दिले तर मासे मिळून ४०. एकूण २८०. भागिले ३३, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर.

हे झालं सरळ पेटीसारख्या बुडाचं. खऱ्या होडीचं बूड दोन्ही टोकांना वर वळतं, त्यामुळे टोकांचा आधार कमी मिळतो आणि मधला भाग जास्त खाली जातो. त्यासाठी मी उत्तरात तिसरा हिस्सा मिळवतो. अकरा-साडेअकरा सेंटिमीटर. अठरा सेंटिमीटरच्या पाण्यात ही होडी तळाला न लागता जाईल.

भाच्याच्या आवडत्या व्ही बुडाचं काय? चौकोनाच्या आत बसवलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या निम्मं असतं, सगळं त्यातच आलं. बूड मध्ये टोकदार असलं की तेवढाच भार उचलायला त्याला जास्त खोल जावं लागतं. तुलना सरळ व्हावी म्हणून तीच लांबी, तीच रुंदी, तोच २८० किलो भार घेऊ, फक्त बूड दोन्ही बाजूंना १५ अंश वर चढत गेलेलं. मधली धार जवळजवळ सोळा सेंटिमीटर बुडते. साडेआठच्या जागी सोळा, आणि टोकांची वळणं अजून धरलेलीच नाहीत. सोळा फुटी होडी लांब असल्याने तिला आधार जास्त मिळेल, पण तिचं स्वतःचं वजन आणि चाळीस हॉर्सपॉवरची मोटर तो खाऊन टाकतात. व्ही बूड लाट कापतं, वेगात आपटत नाही. ते उघड्या पाण्यातलं, खाडीतलं, वेगाचं बूड. ओरसंगच्या वाळूत ते उपयोगाचं नाही. भाच्याने हा हिशेब स्वतः करून पाहिला, दोनदा केला, आणि मग तिसरं ड्रॉइंग फोनमधून काढून टाकलं. त्याला वाईट वाटलं ते मला दिसलं.

सपाट बुडाचे दोषही सांगितले पाहिजेत. दुपारच्या त्या आखूड लाटांवर ते थडाथड आपटतं. वाऱ्याने बाजूला सरकतं, सरळ रेषेत चालत नाही. म्हणून चांगल्या आराखड्यात बुडाखाली मागच्या अर्ध्या भागात एक उभी पट्टी दिलेली असते. तिला स्केग म्हणतात. वल्हवताना होडी भरकटू नये हे तिचं काम. पण ती आठ-दहा सेंटिमीटर उंच असली तर आपण मोठ्या कष्टाने वाचवलेला ड्राफ्ट तिच्यातच जातो. उथळ पाण्यासाठी लांब आणि बुटकी स्केग बघा, आणि तिच्या खाली झिजली की बदलता येईल अशी लाकडी पट्टी आहे का तेही बघा.

मोटरचा पंखा तर आणखी खाली. छोट्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरचा, पंखा आणि त्याखालचं पातं होडीच्या बुडापेक्षा साधारण एक वीत खाली लोंबतं. अकरा सेंटिमीटर ड्राफ्टच्या होडीला मोटर चालू ठेवून तेहतीस-चौतीस सेंटिमीटर पाणी हवंच. म्हणजे वाळूच्या बेटांपाशी मोटर उचलायची आणि बांबूने रेटत जायचं. त्यामुळे आराखड्यात बांबूने रेटायला उभं राहण्याची सपाट, मोकळी जागा आहे का, हा प्रश्न मोटर किती मोठी बसते यापेक्षा महत्त्वाचा आहे. मोटर लावायची ती मागची फळी पंधरा इंच उंचीची आहे की वीस, हे मोटर घेण्याआधी पाहा. आखूड दांड्याची मोटर पंधरा इंचाला बसते, लांब दांड्याची विसाला. आणि मोटर म्हटली की कायदा आला: इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ प्रमाणे देशांतर्गत पाण्यात यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. आधी चौकशी करून घ्या.

उभं राहता येईल का

पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकायचा तर उभं राहावं लागतं. बसून पाग गोल उघडत नाही. म्हणून माझ्या मते या होडीत ड्राफ्टच्या खालोखाल तोल महत्त्वाचा, आणि कडेवरून आत पडणाऱ्या पाण्याचा विचार केला तर कदाचित आधीच.

तोलाचा नियम लक्षात राहण्यासारखा आहे. होडीच्या बुडाची रुंदी वाढली की तिचा सुरुवातीचा तोल रुंदीच्या घनाने वाढतो. नव्वद सेंटिमीटरच्या जागी एकशे दहा केलं, म्हणजे फक्त वीस सेंटिमीटर वाढवलं, तर पाण्याचा सरळ करणारा आधार जवळपास १.८ पट होतो. माझ्या हिशेबात नव्वद सेंटिमीटर बुडाच्या होडीत दोघं एकदम उभे राहिले की तोल जवळजवळ संपतो. एकशे दहात दोघं उभे राहून एक जण कडेकडे सरकला तर होडी दहा-बारा अंश कलते आणि तिथं थांबते. लांबी तीच, भार तोच.

इथं आराखड्यातली एक गंमतीची नसलेली बाब सांगतो. 'रुंदी ४ फूट' असं लिहिलेलं असतं ते वरच्या काठाचं माप. बाजूच्या फळ्या बाहेर झुकलेल्या असल्या तर बूड तीन फुटांचंच असतं. तोल बुडाच्या रुंदीवर ठरतो. भाच्याच्या दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये नेमकं हेच होतं. वर चार फूट दोन इंच, बुडाशी दोन फूट अकरा इंच. तशी होडी वल्हवायला हलकी, दिसायला सुरेख, बसून गळ टाकायला छान. उभं राहून पाग टाकायला नाही.

किती माणसं बसवायची याचा अमेरिकी कोस्ट गार्डचा एक साधा ठोकताळा आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. बारा गुणिले चार भागिले पंधरा, तीन माणसं. तेही शांत पाण्यात, आणि सामान वेगळं धरून. मी आमच्यासाठी दोनच धरली.

बडोद्यात राहणाऱ्याला हा आकडा कोरडा वाटत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटली आणि सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. हरणी आमच्या घरापासून फार लांब नाही. त्या संध्याकाळी आमच्या वाड्यात कोणाच्या घरी टीव्ही बंद झाला नाही आणि कोणी जेवलंही नाही. होडी बांधण्याची गोष्ट निघाली तेव्हा भाच्याच्या आईने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "दादा, हरणी लक्षात ठेव." म्हणून आमच्या यादीत पहिली खरेदी दोन लाइफ जॅकेटं होती, प्लायच्याही आधी.

त्याच कारणाने आराखड्यात बंद कप्पे शोधा. होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहिली पाहिजे. एक लिटर बंद हवा एक किलो उचलते. पुढे आणि मागे शंभर-शंभर लिटरचे दोन कप्पे असले तर दोनशे किलोची उचल मिळते, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला धरायला काहीतरी उरतं. कप्प्यात रिकाम्या, घट्ट बंद केलेल्या दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या भरा. कप्पा गळला तरी बाटल्या आपलं काम करतात. ज्या आराखड्यात असे कप्पे नाहीत तो मी घेणार नाही.

ड्रॉइंग वाचताना

घरी बांधायच्या बहुतेक आराखड्यांत आजकाल एकच पद्धत असते. प्लायचे भाग सपाट कापायचे, कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे, मग सांध्यात इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) आणि लाकडाच्या भुशाचा लगदा भरून वरून फायबरची पट्टी चढवायची. आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकायची गरज राहत नाही. ही पद्धत जगभर पोचली ती १९६२ साली इंग्लंडमध्ये आलेल्या 'मिरर' नावाच्या छोट्या शिडाच्या होडीमुळे. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली, डेली मिरर वर्तमानपत्राने तिला पाठबळ दिलं आणि तशा सत्तर हजारांवर होड्या बनल्या. त्यातल्या कितीतरी लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये बांधल्या. सुताराचा हात नसलेल्या माणसालाही जमतं, हे त्यातून सिद्ध झालं.

आराखड्यात प्रत्येक भागाची सपाट मापं थेट दिलेली असतील तर नवशिक्याने तोच घ्यावा. जुन्या पद्धतीच्या आराखड्यात मात्र 'ऑफसेट'चा, म्हणजे होडीची जागोजागची रुंदी-उंची सांगणारा, तक्ता असतो. त्यात २-३-५ असं लिहिलेलं दिसतं. याचा अर्थ दोन फूट, तीन इंच आणि पाच अष्टमांश इंच. भाच्याने ते २.३५ फूट असं वाचलं होतं. दोन्हींत जवळजवळ दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. होडीची डावी बाजू एका दिवशी एका वाचनाने आणि उजवी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाचनाने कापली गेली, तर त्या दोन फळ्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, कधीच जुळणार नाहीत. मेट्रिक मापांचा आराखडा मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्या.

प्रिंट करून थेट चिकटवायचे पूर्ण आकाराचे कागद मिळाले तर आधी त्यावरचा तपासणीचा चौकोन पट्टीने मोजा. प्रिंटर नकळत तीन-चार टक्के छोटं करतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागदही ताणतो.

आराखडा किती शीट प्लाय मागतो हे बघा. सुदैवाने आठ बाय चारची शीट सगळीकडे तीच, २४४० बाय १२२० मिलिमीटर. जाडी मात्र बदलते. अमेरिकी पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आपल्याकडे ६ मिळतं, आणि दुकानात व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावलं तर कधी त्याहूनही कमी. व्हर्निअर खिशात घेऊनच जा. बारा फुटांची होडी आठ फुटांच्या शीटमधून काढायची तर सांधा येणारच. तो कुठे येतो, मागे तुकडा लावून जोडायचा की दोन्ही कडा उतरत्या तासून एकमेकींवर बसवायच्या, हे आराखड्यात स्पष्ट असलं पाहिजे. उतरता सांधा जाडीच्या आठपट लांब लागतो. ६ मिलिमीटरला ४८.

प्लाय घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा. ते मरीन प्लाय. आयएस ३०३ च्या प्लायला दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे साहेब' म्हणतील, पण ते होडीसाठी नाही. शिक्क्यावरही माझा पूर्ण विश्वास नाही. म्हणून मी तळहाताएवढा तुकडा मागून आणला आणि एका जुन्या पातेल्यात सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत उकळत ठेवला. मानकातली चाचणी बहात्तर तासांची असते, पण आठ तासांतही खोटा माल उघडा पडतो. एका दुकानातला तुकडा चौथ्या तासाला कडेने सुटायला लागला, थरांमध्ये नख शिरत होतं. दुसऱ्या दुकानातला संध्याकाळी बाहेर काढून वाळवला, पकडीत धरून वाकवला, तरी थर सुटले नाहीत. तोच घेतला.

परदेशी आराखडे ओकुमे या हलक्या लाकडाचं प्लाय धरून काढलेले असतात. सहा मिलिमीटरची शीट आठ-साडेआठ किलोची. आपलं गर्जन लाकडाचं मरीन प्लाय बारा-तेरा किलो भरतं. पाच शीटमागे वीसेक किलो वाढलं. ड्राफ्टवर याचा परिणाम किती? वीस भागिले तेहतीस, सहा मिलिमीटर. म्हणजे घाबरण्यासारखं नाही. पण घाटाच्या पायऱ्यांवरून दोघांनी उचलून न्यायची तर ते वीस किलो हाताला कळतात. चांदोदच्या पायऱ्या चढल्या आहेत त्यांना हे सांगायला नको.

इपॉक्सीविषयी एकच सांगतो, हंगाम. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना मी सराव म्हणून अर्धा मग कालवलं. सात-आठ मिनिटांत मग इतका तापला की हातात धरवेना, त्यातून धूर निघाला आणि सगळं दगड झालं. तापमान दहा अंश वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, आणि मगात एकत्र साठलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतं. थोडं कालवा, पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात दमट हवेने वर मेणचट थर येतो आणि पुढचा हात नीट धरत नाही. आपल्याकडे हे काम कार्तिक ते माघ, एवढ्यातच करावं. स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन सुचवणारे भेटतील. ते फायबरच्या होडीला ठीक, लाकडाला धरून राहत नाही.

परातीतली होडी

आराखड्याचे पूर्ण पैसे देण्याआधी बहुतेक आखणारे थोडक्या किमतीत 'स्टडी प्लॅन' देतात. त्यात मुख्य मापं असतात. तेवढ्यावर पुठ्ठ्याची दहावा हिस्सा होडी बनते, आणि मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट हीच.

लांबी दहावा हिस्सा केली की वजन हजारावा हिस्सा होतं. २८० किलोची होडी म्हणजे २८० ग्रॅम. भाच्याने पहिल्या ड्रॉइंगची छत्तीस-सदतीस सेंटिमीटरची होडी कापली, सांध्यांना पॅकिंगची टेप लावली, बाहेरून मेणबत्ती घासली. माझ्या बहिणीची मोठी पितळी परात पाण्याने भरली. होडी वजनकाट्यावर ठेवून तूरडाळीच्या पुड्या टाकत २८० ग्रॅमला आणली आणि पाण्यात सोडली. पेन्सिलने पाण्याची रेघ आखली, बाहेर काढून मोजली. अकरा मिलिमीटर, आणि हिशेब अकरा सेंटिमीटरचा होता. तो ओरडलाच.

मग उभी माणसं. पंचाहत्तर ग्रॅमची डाळीची पुडी आइस्क्रीमच्या काडीवर, होडीच्या तळापासून दहा सेंटिमीटर उंचीला बांधली, कारण उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य साधारण एक मीटरवर असतो. अशा दोन. दोन्ही पुड्या मध्यावर असताना होडी स्थिर. एक पुडी हळूहळू कडेकडे सरकवत गेलो. होडी कलली, कड पाण्याच्या जवळ आली, पण उलटली नाही. मग दुसऱ्या ड्रॉइंगची, अरुंद बुडाची होडी आणली. दुसरी पुडी उभी करताच ती आडवी झाली आणि डाळ परातभर पसरली.

कोणी काही बोललं नाही. बहिणीने डाळ गाळणीत गोळा केली.

भाच्याने पहिल्या ड्रॉइंगचा पूर्ण आराखडा मागवला आहे, मेट्रिकमधला. पैसे देताना तीन प्रश्न लिहून पाठवले होते: तुमचा ड्राफ्ट किती किलो भाराला आहे, पाण्याने भरल्यावर होडी किती किलो उचलून धरते, आणि जड प्लाय वापरलं तर काय बदलू? तिसऱ्या दिवशी तिन्हींची उत्तरं आकड्यांत आली. आलेल्या कागदांत त्याने स्वतःच्या हाताने एकच बदल सुचवला आणि आखणाऱ्याने तो मान्य केला: पुढच्या कप्प्याचं झाकण पायरीसारखं सपाट आणि खरबरीत करायचं, पाग टाकताना पाय घट्ट राहावा म्हणून.

शीट जिन्याखाली आडव्या रचून ठेवल्या आहेत, खाली तीन ओंडके, वर वजन, वाकू नयेत म्हणून. लाल पट्ट्यांचा बांबू त्यांच्यावरच टेकवला आहे. तुळशीचं लग्न झालं की पहिली फळी कापायची आहे.